कमेंटला सोनचाफ्याचा रंग

विरार पश्चिमेला आमच्या घरी पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉपचा पडदा बॅटरी वाचवण्यासाठी आपोआप मंद होतो. काही वर्षांपूर्वी जुलैतल्या अशाच एका रात्री मी घरून ऑफिसच्या सर्व्हरवर काम करत होतो. टर्मिनलमध्ये व्हिम उघडला, एक सेटिंग बदललं, फाइल सेव्ह केली आणि सेवा पुन्हा चालू केली. त्या ओळीच्या अगदी वर माझ्या आधीच्या माणसाने दोन ओळींची कमेंट लिहून ठेवली होती: आधी रांगेतली कामं संपू द्या, मगच हे बदला. कमेंट होती काळ्यावर गडद निळ्या अक्षरांत. मला ती दिसलीच नाही. रांगेतल्या सगळ्या नोंदी दुसऱ्यांदा झाल्या. त्या एकेक करून मागे घेईपर्यंत उजाडलं आणि खालच्या रस्त्यावर स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा सुरू झाल्या.

तोवर एडिटरचे रंग ही हौसेची गोष्ट आहे, असं मला वाटायचं. त्या रात्रीनंतर वाटेनासं झालं. पडद्यावरचं काय आधी वाचायचं आणि काय नजरेआड करायचं, हे रंग ठरवतो. मी ते ठरवलं नव्हतं, म्हणून ते माझ्यासाठी परस्पर ठरून गेलं होतं.

व्हिम न वापरणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. बिल जॉय यांनी १९७६ साली व्हीआय हा एडिटर लिहिला. नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी त्याच धाटणीचा व्हिम १९९१ मध्ये अमिगा संगणकासाठी लोकांना दिला. मजकुराच्या भागांना वेगवेगळे रंग देण्याची सोय त्यात १९९८ च्या पाचव्या आवृत्तीपासून आली. माऊस लागत नाही, खिडक्या-बटणं लागत नाहीत, आणि लिनक्सच्या जवळपास कुठल्याही सर्व्हरवर गेलात तरी तो किंवा त्याचा थोरला भाऊ व्हीआय तिथे हजर असतो. मोलेनार यांनी तो फुकट दिला आणि बदल्यात युगांडातल्या मुलांना मदत करायची विनंती केली. रिकामा व्हिम उघडला की पहिल्याच पडद्यावर ती विनंती मी वर्षानुवर्षं वाचत आलो आहे. ३ ऑगस्ट २०२३ ला ते गेले. त्यानंतर आलेली ९.१ ही आवृत्ती त्यांनाच अर्पण केलेली आहे.

आता त्या रात्रीपासून आजपर्यंत जे हाताला लागलं ते क्रमाने.

१. रंग निवडण्याआधी व्हिमला पार्श्वभूमी सांगा.

माझ्या त्या निळ्या कमेंटचं कारण अगदी साधं निघालं. पडद्याची पार्श्वभूमी गडद आहे की फिकी, याचा व्हिम अंदाज बांधतो. दूरच्या सर्व्हरवर टर्मिनलमधून गेलं की तो अंदाज चुकू शकतो. पडदा पांढरा आहे असं समजून त्याने कमेंटला गडद निळा दिला होता. पांढऱ्यावर तो रंग सुरेख दिसतो, काळ्यावर बुडून जातो. 'व्हिमआरसी' या सेटिंगच्या फाइलीत 'बॅकग्राउंड' ला 'डार्क' म्हणणारी एक ओळ लिहिली असती, तर ती रात्र झोपेत गेली असती. नवी रंगसंगती शोधायला निघण्याआधी ही ओळ लिहून बघा. निम्म्या लोकांचं काम इथेच भागेल, असं माझं मत आहे.

२. फाइल योग्य फोल्डरमध्ये, योग्य नावाने ठेवा.

व्हिमची रंगसंगती म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल. तुमच्या होम डिरेक्टरीत टिंबाने सुरू होणारं 'व्हिम' नावाचं फोल्डर असतं. त्यात 'कलर्स' नावाचं फोल्डर करायचं आणि ती फाइल तिथे ठेवायची. 'कलर्स' हे अनेकवचनी आणि लहान इंग्रजी अक्षरांत, इतकं काटेकोर. फाइलीच्या नावातला शेवटचा 'डॉट व्हिम' सोडला की उरतं ते संगतीचं नाव. मग 'कलरस्कीम' या आज्ञेपुढे ते नाव लिहायचं. फाइल सापडली नाही तर 'ई १८५' अशी चूक दिसते. तिचा अर्थ इतकाच, की जागा किंवा नाव चुकलं आहे. आठव्या आवृत्तीपासून 'पॅक' या फोल्डरची सोयही आहे. गिटने आणलेलं अख्खं पॅकेज तिथे ठेवलं की चालतं, वेगळा प्लगइन मॅनेजर लागत नाही.

माझी पहिली खेप वेगळ्याच कारणाने फसली. नुसती फाइल हवी होती आणि मी ब्राउझरमधून ती फाइल दाखवणारं अख्खं पान सेव्ह केलं होतं. व्हिम उघडताच चुकांची रांग लागली. फाइल उघडून पाहिली तर पहिल्याच ओळीत वेबपानाच्या खुणा. तेव्हापासून उतरवलेली फाइल 'कलर्स' मध्ये टाकण्याआधी मी ती एकदा उघडून वाचतो. त्याचा दुसरा फायदा असा झाला, की या फाइली किती सोप्या असतात ते कळलं. आत बहुतेक 'हायलाइट' या आज्ञेच्या ओळी असतात: अमुक गटाला अक्षराचा रंग हा, मागचा रंग तो. बस.

३. टर्मिनलला किती रंग येतात, ते आधी पाहा.

एखाद्या संगतीचं चित्र बघून हुरळून जावं, ती बसवावी आणि आपल्याकडे सगळं जांभळट-राखाडी दिसावं, हे जवळपास प्रत्येकाचं होतं. दोष संगतीचा नसतो. जुनं टर्मिनल १६ रंग जाणतं, त्यानंतरचं २५६, आणि हल्लीचं १ कोटी ६७ लाखांहून अधिक. संगती शेवटच्या प्रकारासाठी लिहिलेली असेल तर व्हिममध्ये 'टर्म-जीयूआय-कलर्स' ही सेटिंग चालू करावी लागते, आणि ती टर्मिनललाही झेपावी लागते. मध्ये टीमक्स, म्हणजे एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्राम, असेल तर त्यालाही वेगळं सांगावं लागतं, नाहीतर तो रंग वाटेतच गाळतो. टर्मिनल, टीमक्स, व्हिम अशी तीन दारं आहेत. एक जरी बंद असलं तरी रंग आत येत नाहीत. मी टर्मिनलपासून एकेक दार तपासत जातो.

२५६ रंगांचा हिशेब मला फार आवडतो. पहिले १६ टर्मिनलचे स्वतःचे. शेवटचे २४ करड्याच्या छटा. मधले २१६ म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्या, ६ × ६ × ६. लालची पायरी गुणिले ३६, हिरव्याची गुणिले ६, निळ्याची तशीच, आणि वर १६ मिळवले की रंगाचा क्रमांक येतो. लाल ५, हिरवा ३, निळा १ घ्या: १८० अधिक १८ अधिक १ अधिक १६, म्हणजे २१५. हा क्रमांक पुढे येणार आहे.

४. मूळ फाइलीला हात लावू नका.

आवडलेल्या संगतीतल्या एकदोन गोष्टी खटकतातच. त्या थेट फाइलीत बदलल्या आणि नंतर नवी आवृत्ती उतरवली, की तुमचे बदल पुसले जातात. माझे दोन महिन्यांचे बदल असे गेले. आपले बदल 'व्हिमआरसी' मध्ये लिहावेत. तिथे क्रम सांभाळावा लागतो: आधी पार्श्वभूमी, मग 'कलरस्कीम', त्यानंतर आपल्या 'हायलाइट' च्या ओळी. कारण संगतीची फाइल सुरुवातीलाच आधीचे सगळे रंग पुसून पाटी कोरी करते. आपल्या ओळी वर लिहिल्या तर त्या पुसल्या जातात आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. दिवसात दोनदा संगती बदलणाऱ्याने त्या ओळी 'कलरस्कीम' या घटनेला बांधलेल्या ऑटोकमांडमध्ये घालाव्यात. मग संगती कितीदाही बदला, आपले बदल मागोमाग लागू होतात.

५. कमेंट ठळक करा.

हे सगळं लिहायला बसलो ते याच मुद्द्यासाठी.

बऱ्याचशा संगती कमेंटला सर्वांत फिका रंग देतात. विचार असा, की यंत्र जे चालवतं ते कोड, कमेंट ते वाचत नाही, तेव्हा ती मागे राहू दे. इथन स्कूनोव्हर यांची २०११ ची सोलराइज्ड ही संगती मी तीन वर्षं वापरली. रंगांचा इतका अभ्यासपूर्ण मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही. एकूण १६ रंग, आठ पार्श्वभूमी आणि मजकुराच्या छटा, आठ उठावाचे. गडद आणि फिकी अशा दोन्ही रूपांत उठावाचे आठ रंग तेच राहतात. पण तिच्या गडद रूपातली कमेंट आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजेडाचं गुणोत्तर मी एकदा काढलं. ते सुमारे २.८ भरलं. वेबपानांच्या सुलभतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५ धरतात. नव्या पडद्यावर, चांगल्या उजेडात, तरुण डोळ्यांना २.८ चालून जातं. वीज गेलेल्या घरात, मंद झालेल्या पडद्यावर, रात्री एक वाजता नाही चालत.

आणि मूळ विचारच मला पटत नाही. कोड काय करतो हे कोडच सांगतो. तो तसा का लिहिला, इथे कोण ठेचकाळलं होतं, कुठल्या ओळीला हात लावला की काय कोसळेल, हे फक्त कमेंट सांगते. त्या फाइलीत माणूस माणसाशी बोलतो ती हीच एक जागा. दुसऱ्याने लिहिलेल्या सर्व्हरवर काम करणाऱ्याला आधी हाच आवाज ऐकू यायला हवा.

उमराळ्याच्या आमच्या वाडीत बाबांनी सोनचाफा लावला होता. फुलं पहाटे काढून टोपलीत भरायची आणि पहिल्या गाड्यांनी दादरच्या फूलबाजारात पोचवायची. अंधारात झाडाचं पान दिसत नाही, फांदी दिसत नाही, पण चाफ्याचं फूल दिसतं. त्याचा तो पिवळा आणि केशरी यांच्या मधला रंग बॅटरीच्या एवढ्याशा उजेडातही हाताला वाट दाखवतो. मी माझ्या कमेंटला तोच रंग द्यायचं ठरवलं. २५६ मधला २१५ त्याच्या सर्वांत जवळचा. पार्श्वभूमी २३४, म्हणजे जवळजवळ काळा करडा. दोघांचं गुणोत्तर ९ च्या वर जातं. साधा मजकूर १८७, फिकट साय. अवतरणातला मजकूर १०७, पानाचा हिरवा. लाल १६७ फक्त चुकीसाठी राखून ठेवला, इतर कशालाही नाही. क्रियापदांसारखे येणारे कोडचे शब्द मी रंगवत नाही, थोडे ठळक करतो. फाइलीला नाव दिलं 'सोनचाफा'.

पहिला आठवडा विचित्र गेला. कमेंट अंगावर येत होत्या. मग लक्षात आलं, की ज्या कमेंट अंगावर येत होत्या त्या बहुतेक निरर्थक होत्या. दोन अंकांची बेरीज करणाऱ्या ओळीवर 'बेरीज करतो' लिहिलेलं. ठळक रंगामुळे ते खुपायला लागलं आणि मी त्या काढून टाकू लागलो. उरलेल्या नीट लिहू लागलो. माझ्या कमेंट आता थोड्या आहेत आणि प्रत्येक वाचण्याजोगी आहे. हे रंगानेच घडवलं.

६. एकट्या रंगाच्या भरवशावर राहू नका.

दोन फाइलींतला फरक व्हिम रंगांनी दाखवतो. मी भर घातलेल्या ओळी हिरव्या आणि काढलेल्या लाल केल्या होत्या. दोन वर्षं माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने एक दिवस हळूच सांगितलं, की त्याला ते दोन्ही एकाच मातकट रंगाचे दिसतात. लाल-हिरव्यातला फरक न कळणं हे बहुतेक वेळा जन्मजात असतं. त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुषांत ते बरंच आढळतं, बायकांत क्वचित. इतके दिवस तो ओळी मोजून काम चालवत होता. मला फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी मी भर निळ्यात नेली, वजाबाकी नारिंगीत, आणि बदललेल्या शब्दाला ठळकपणाही दिला, म्हणजे रंग नाही कळला तरी फरक कळावा.

रेल्वेत हे फार आधीपासून आहे. आमच्या विरार लाइनीवर सिग्नलचा लाल दिवा खांबावर ठरलेल्या जागीच लागतो, आणि एक पिवळा आणि दोन पिवळे यांचे अर्थ वेगळे. रंगासोबत जागा आणि संख्याही बोलते. त्यावर मोटरमनची रंगदृष्टी तपासतात, ती वेगळी. बाबाही केवळ पिवळ्या पानावर निदान करत नसत, कुठलं पान पिवळं ते बघत. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी, शेंड्याची कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी झाली तर लोह कमी. रंग तोच, जागा वेगळी, खत वेगळं.

७. उन्हासाठी दुसरी संगती ठेवा.

विरारहून सुटणाऱ्या गाडीत खिडकी मिळाली तर मी अंधेरीपर्यंत लॅपटॉप उघडतो. सकाळी दक्षिणेला जाताना ऊन पूर्वेकडून, म्हणजे डाव्या हाताच्या खिडकीतून येतं. संध्याकाळी उत्तरेला परतताना ते पश्चिमेकडून, म्हणजे पुन्हा डाव्याच हाताच्या. नायगाव सुटून गाडी खाडीवरच्या पुलावर आली की वरचं ऊन आणि पाण्यावरून उसळलेलं ऊन एकदम आत येतं. त्या दोन मिनिटांत काळा पडदा आरसा होतो, त्यात आपलाच चेहरा दिसतो. तिथे गडद संगतीचा उपयोग नाही, कितीही सुंदर असो. म्हणून मी सोनचाफ्याचं फिकं रूप केलं आणि दोन्हींमध्ये अदलाबदल एका कळीवर बांधली. फिक्यात कमेंटला २१५ चालत नाही, पांढऱ्यावर तो वितळतो. तिथे तिला गडद तपकिरी दिला. रंग बदलला तरी मान तोच राहिला. गडद चांगली की फिकी, या वादात मी पडत नाही. उजेड कुठून येतोय ते बघावं.

८. देवनागरी लिहीत असाल तर अधोरेखा काढून टाका.

मी काही कमेंट मराठीत लिहितो. टर्मिनल प्रत्येक अक्षराला चौकटीतलं एक घर देतं, त्यामुळे जोडाक्षरं आणि वेलांट्या कशा जुळतील ते टर्मिनलवर अवलंबून. ते रंगांच्या हातात नाही. एक गोष्ट मात्र आहे. चालू ओळ दाखवायला टर्मिनलमधला व्हिम मुळात अधोरेखा वापरतो, शुद्धलेखनाच्या चुकीलाही रेघच येऊ शकते. इंग्रजी अक्षराखाली ती खपून जाते. आपल्याकडे अक्षराखाली उकार असतो, ऋकार असतो, हलन्ताचा पाय असतो. रेघ नेमकी त्यांच्यावर बसते आणि 'कुल' आणि 'कूल' सारखेच दिसू लागतात. दोन्ही ठिकाणी रेघ काढून मागचा रंग एक छटा वर न्या. दोन ओळींचं काम आहे. वर शिरोरेषा आधीच असलेल्या लिपीला खाली आणखी एक रेघ सोसत नाही.

९. खऱ्या सर्व्हरचा पडदा वेगळा दिसू द्या.

चाचणीचा आणि ग्राहक वापरतात तो, दोन्ही सर्व्हर एकाच रंगात उघडले की केव्हातरी हात चुकतोच. ग्राहकांच्या सर्व्हरवर मी पार्श्वभूमी तांबूस ठेवली आहे. फाइल उघडताच बोटं आपोआप सावकाश चालतात.

दोन सूचना याच ओघात. सगळ्या सर्व्हरवर तुमची फाइल असेलच असं नाही, म्हणून ती सापडली नाही तर गुपचूप व्हिमसोबतच येणारी 'डेझर्ट' लागू होईल अशी सोय 'व्हिमआरसी' मध्ये करा. आणि उबुंटूच्या कोऱ्या यंत्रावर कधी कधी 'टायनी' नावाचा कापून छोटा केलेला व्हिम असतो. त्यात रंगांची सोयच नसते. तिथे सेटिंगशी झटापट करण्यात वेळ घालवू नका, पूर्ण व्हिम बसवून घ्या.

१०. कुठला रंग कुणाचा, ते व्हिमलाच विचारा.

नुसती 'हायलाइट' आज्ञा दिली की सगळे गट आपापल्या रंगात समोर येतात. मी बदल करायला बसतो तेव्हा ही यादी एका बाजूला आणि रोजच्या कामाची खरी फाइल दुसऱ्या बाजूला उघडून ठेवतो. नमुन्याच्या दहा ओळींवर सुंदर दिसणारी संगती आठशे ओळींच्या फाइलीत थकवते. एका वेळी एकच गट बदलतो आणि त्यावर चार दिवस काम करतो. सोनचाफा आज जसा आहे तसा व्हायला जवळपास दीड वर्ष गेलं, आणि त्यात एकूण रंग आहेत मोजकेच.

हे वाचून झाल्यावर आपल्या एडिटरमध्ये दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली एक जुनी फाइल उघडा. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा, खुर्ची हातभर मागे घ्या आणि तिच्यातल्या फक्त कमेंट वाचायचा प्रयत्न करा. वाचता आल्या नाहीत, तर आजच तो रंग बदला.